मदत हवी आहे : राजा 'नाही' म्हणू शकतो, मग म्हणत का नाही?

नमस्कार मंडळी. अकरावीला ब्रिटनची संसद शिकवतेय. १६४२ साली पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला शिपाई घेऊन कॉमन्समध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) शिरला, पण ते आधीच निसटले होते. त्याची आठवण म्हणून आजही राजाचा निरोप घेऊन ब्लॅक रॉड (वरिष्ठ सभागृहाचा काळी छडी बाळगणारा अधिकारी) आला की सभागृहाचं दार त्याच्या तोंडावर धाडकन लावतात. छडीने तीनदा ठोठावल्यावरच ते उघडतं. हे मुलांनी अगदी कान देऊन ऐकलं. राजाच्या अधिकारांवर मर्यादा घालणारं १६८९चं बिल ऑफ राइट्सही पटकन समजलं.

अडलं ते पुढे. संसदेने मंजूर केलेलं विधेयक कायदा व्हायला राजाची संमती लागते. १७०८ मध्ये राणी ॲनने स्कॉटलंडच्या मिलिशिया (नागरिकांचं सैन्यदल) विधेयकाला संमती नाकारली, तीही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. त्यानंतर ब्रिटनच्या संसदेच्या एकाही विधेयकाला नकार मिळालेला नाही. पण संमती नाकारण्याचा अधिकार काढून घेणारा कायदाही नाही! एका मुलीने विचारलं, "बाई, मग राजाला अडवतं कोण?" मी 'संकेत' (कायद्यात न लिहिलेली, पण सगळे पाळतात ती प्रथा) म्हणाले, पण माझंच समाधान झालं नाही.

नुसता संकेत ३०० वर्षं कशाच्या जोरावर टिकतो, हे सोप्या मराठीत कसं सांगू? आपल्याकडे १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने कलम ७४ मध्ये मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागण्याचं राष्ट्रपतींवरचं बंधन स्पष्ट लिहिलं, त्याच्याशी तुलना केली तर चालेल का? राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा. गुरुवारी पुढचा तास आहे.