अनुभव धागा: बाळंतीण, खाट आणि सव्वा महिना

बाळ बघायला अख्खी आळी येते, पण बाळंतिणीचं पोट, पॅड आणि पाय बघायचे कुणाच्या लक्षात येत नाही. या धाग्यावर आपापल्या बाळंतपणाच्या हकिकती नकोत, त्या भरपूर आहेत. ज्यांच्या हाताखालून रोज बाळंतिणी जातात त्यांनी नेमकं लिहावं: काय करायचं, किती, कधी, आणि बिघडतं ते कशानं.

लेबर रूममधली सिस्टर

पहिल्या दोन तासांपासून सुरुवात करते, कारण जीवघेणा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांतच होतो, आणि त्यातही सुरुवातीच्या तासांत. बाळ बाहेर आलं की एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन जातं. बाळ रडत असेल तर नाळ लगेच कापत नाहीत, 1 ते 3 मिनिटं थांबतात. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि पुढे त्याला लोह कमी पडत नाही. वार बहुधा अर्ध्या तासाच्या आत पडते. पडल्यावर ती ट्रेमध्ये दोन्ही बाजूंनी नीट तपासायची. एखादा तुकडा आत राहिला तर गर्भाशय आवळत नाही आणि रक्त थांबत नाही.

मग दर 15 मिनिटांनी पोटावर हात. बेंबीच्या जवळ गर्भाशयाचा टणक गोळा लागला पाहिजे. मऊ लागला तर तळव्याने गोल चोळायचा, तो हाताखाली घट्ट होत जातो. हे बाळंतिणीला दुखतं आणि नातेवाईक म्हणतात, "जरा पडू द्या तिला." पडू दे, पण पोट बघूनच.

लघवी सहा तासांच्या आत झालीच पाहिजे. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर आणि उजवीकडे ढकलतं, त्याला आवळू देत नाही. टाके चुरचुरतात म्हणून बायका लघवी दाबून धरतात; लघवी करताना मगाने कोमट पाणी ओतत राहिलं तर चुरचुर बरीच कमी होते. पहिल्यांदा उठताना दोन-तीन मिनिटं खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं, सोबत कुणीतरी हवं आणि बाथरूमची कडी लावायची नाही. चक्कर आतच येते.

रक्त किती गेलं ते कापडावरून कळत नाही, नेहमी कमीच वाटतं. म्हणून पॅड मोजा. एक पॅड तासाभरात पूर्ण भिजलं, किंवा लिंबापेक्षा मोठी गाठ पडली, तर लगेच हाक मारा. घरी असाल तर 108.

स्त्रीरोगतज्ज्ञ, तालुक्याचं गाव

सिस्टरांना अनुमोदन. मी घरी गेल्यानंतरचं लिहितो.

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाएक दिवसांपर्यंत तपकिरी-गुलाबी, त्यानंतर पिवळट-पांढरं. चार ते सहा आठवडे चालू शकतं. लाल थांबून पुन्हा लाल सुरू झालं, तर बहुतेकदा बाई फार लवकर कामाला लागलेली असते. पण लालबरोबर वास आणि 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर आत जंतुसंसर्ग आहे असं धरून त्याच दिवशी दवाखाना. गर्भाशय रोज साधारण एक बोट खाली उतरतं. दहा ते चौदा दिवसांनी पोटावरून हाताला लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अंगावर पाजताना पोटात कळा जास्त येतात. ते गर्भाशय आवळत असल्याचं लक्षण आहे. त्यासाठी पॅरासिटामॉल चालते.

आता जे सगळ्यात जास्त निसटतं ते. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर. गरोदरपणात रक्तदाब नॉर्मल होता अशा बाईचाही वाढू शकतो. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली पोटात दुखणं, अचानक सूज. घरात म्हणतात, रात्रीची झोप नाही म्हणून डोकं दुखतंय. मोजून बघा. 140/90 च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, 160/110 असेल तर एक मिनिट थांबायचं नाही, झटके येऊ शकतात. ही भीती सहा आठवडे असते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, ही रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळायची नाही.

खालचे टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळतात. टबात कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसणं, दिवसातून दोनदा, मग कोरडं टिपणं. पाण्यात डेटॉल भरभरून ओतू नका, कातडी भाजते. शौचाला कुंथायचं नाही: भरपूर पाणी, रात्री इसबगोल, आणि बसल्यावर स्वच्छ पॅड टाक्यांवर समोरून हलकं दाबून धरायचं.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला अँटी-डीचं इंजेक्शन 72 तासांच्या आत. सुट्टी देण्याच्या गडबडीत हे राहतं, म्हणून नातेवाईकांनी स्वतः विचारावं.

भूलतज्ज्ञ

भुलीच्या मणक्यातल्या इंजेक्शनने जन्माची पाठ जाते, हा समज काही केल्या जात नाही. सुई टोचली तिथे दोन-चार दिवस ठणका असतो, बस. महिनोन्महिने पाठ दुखते ती वाकून पाजण्याने, सैल पडलेल्या पोटाने आणि बाळाला खालून उचलण्याने. नॉर्मल बाळंतपण झालेल्यांचीही दुखते. इंजेक्शनची खरी गुंतागुंत म्हणजे डोकेदुखी, आणि तिची खूण ठरलेली: बसलं की वाढते, आडवं झालं की थांबते. पाणी, चहा-कॉफी, वेदनाशामक यांनी बहुधा उतरते. नाही उतरली तर आम्हाला बोलवा, बाईचंच 15-20 मिली रक्त पाठीत देऊन सुईने पडलेलं छिद्र बंद करता येतं. बसल्यावरही आणि आडवं पडल्यावरही डोकं दुखत असेल तर वर लिहिलंय तसं आधी रक्तदाब बघा.

फिजिओथेरपिस्ट

सिझेरियननंतर सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा. खोकताना, शिंकताना, हसताना उशी टाक्यांवर दाबून धरा. सिझेरियनमध्ये पोटाचे स्नायू कापत नाहीत, मधून बाजूला सारतात; कापलेलं असतं ते त्यांच्या वरचं घट्ट आवरण आणि गर्भाशय. म्हणून सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची कळशी, भरलेला कुकर, मोठं मूल, सगळं बंद.

पोट बांधण्यावरून घरोघरी वाद होतात, तर स्पष्ट लिहिते. सुती पट्टा किंवा जुनी नऊवारी ओटीपोटापासून वर बरगड्यांच्या खाली, श्वास मोकळा राहील इतपत बांधली तर उठता-बसताना आधार मिळतो. चालेल. पोट "आत जावं" म्हणून दोघींनी दोन टोकं ओढून बांधलं तर दाब खाली जातो, आणि खालचे स्नायू तेव्हा आधीच ताणलेले असतात. अंग (गर्भाशय) बाहेर येण्याच्या तक्रारीत भर पडते ती अशाने. कमरेतच घट्ट बांधणं तर सर्वांत वाईट. झोपताना सोडायचं. पट्ट्याने चरबी जात नाही.

व्यायाम म्हणाल तर लघवी अडवतो तसे स्नायू आत-वर ओढायचे, तीन सेकंद धरायचे, तितकाच वेळ सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करता करता हा सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. उताणं पडून डोकं जरा उचलल्यावर बेंबीच्या वर-खाली दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील तर पोटाचे स्नायू फाकलेले आहेत. तिथे उठाबशा किंवा क्रंचेस केले तर फट आणखी रुंदावते.

बाळंतविडा करून देणाऱ्या, सातारा

दवाखान्याचं झालं, आता डब्याचं.

डिंकाचे लाडू: डिंक एक वाटी, खारकेची पूड दोन, किसलेलं सुकं खोबरं दोन, बदाम पाऊण, खसखस पाव, गूळ दीड ते दोन, तूप लागेल तसं. सगळं अवलंबून आहे डिंकाच्या तळणीवर. खडे उन्हात वाळवून ज्वारीएवढे फोडायचे. मध्यम आचेच्या तुपात थोडे थोडे टाकायचे, एका वेळी मूठभरसुद्धा नाही. आच मोठी झाली की वरून लाल होतो आणि मध्ये काचेसारखा कच्चा राहतो; तोच दाताला चिकटतो. एक दाणा काढून बोटांत चुरडा. भुगा झाला तर तळला गेला, मध्ये खडा लागला तर नाही. गूळ चमचाभर तुपात मंद आचेवर फक्त विरघळून बुडबुडे येईपर्यंत ठेवायचा, पुढे गेला तर पाक होतो आणि लाडू फोडायला बत्ता लागतो.

आळिवाचे लाडू: अर्धी वाटी आळीव नारळपाण्यात दोन तास. बी चिकट होऊन चांगलंच फुगतं. त्यात दोन नारळांचा चव, दोन वाट्या गूळ, कढई सोडेपर्यंत परतायचं, शेवटी जायफळ. ओल्या खोबऱ्याचे असल्याने फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, बाहेर नाही. दिवसाला एक लाडू पुरे. चार खाल्ल्याने दूध चौपट होत नाही, पोट मात्र जड होतं.

स्तनपान सल्लागार

वरचं चार लाडूंचं वाचून हसले, पण तेच खरं आहे. दूध वाढतं ते बाळाने ओढल्याने आणि छाती रिकामी झाल्याने. लाडूंनी आईला ताकद मिळते: पाजणाऱ्या बाईला दिवसाला साधारण 600 कॅलरी जास्त लागतात.

पहिल्या तासात छातीला लावायचं, सिझेरियन असलं तरी. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक पुरतो. "दूधच नाही" म्हणून पावडरची बाटली येते ती याच दिवशी, आणि तिथून गाडं घसरतं. खरं दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं. पुरतंय का हे शू मोजून ठरवा: पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, पाचव्यानंतर सहा किंवा जास्त. वजन आधी 7-10 टक्के उतरतं आणि दोन आठवड्यांत जन्मावेळचं भरून येतं.

पकड कशी बघायची: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर दुमडलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो आणि खाली कमी. चक-चक आवाज येत असेल तर फक्त बोंड तोंडात आहे. बोंडाला चिरा पडतात त्या यामुळे. मलम लावून पकड सुधारत नाही. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून तोंड सोडवा आणि पुन्हा लावा. छाती दगडासारखी झाली तर पाजण्याआधी थोडा वेळ कोमट शेक आणि हाताने थोडं दूध काढून मऊ करणं, पाजून झाल्यावर थंड कापड. एकाच बाजूला लाल चट्टा, ताप, थंडी असेल तर डॉक्टर, पण पाजणं चालूच ठेवायचं. थांबवलं की पू होण्याची शक्यता वाढते.

"बाळंतिणीला पाणी कमी द्या, टाके ओले राहतात" हे कृपा करून बंद करा. तहानेला पाणी द्या. त्याने बद्धकोष्ठ होत नाही, लघवीचा संसर्ग टळतो.

नवजात विभागातले डॉक्टर

थोडक्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि आई-बाळ दोघं झोपेतच जाऊ शकतात. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी, कापडात गुंडाळून, फक्त आईला. ओवा-वावडिंगाची धुरी बाळाच्या फुप्फुसाला सोसत नाही.

मालीश अवश्य, पण हलक्या हाताने; नाक-कानात तेल नाही. नवजात मुलाच्या किंवा मुलीच्या छातीत गाठ असते, कधी थेंबभर दूधही येतं. ते आईच्या संप्रेरकांमुळे, आपोआप जिरतं. मालीशवाल्या बाईला ते पिळू देऊ नका, पू होऊन चीर द्यावी लागते. बेंबीला हळद, तेल, राख काही नाही, कोरडी ठेवा, 5 ते 15 दिवसांत गळते. मध वर्षभर नाही. पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ, किंवा तळहात-तळपाय पिवळे झालेले असतील तर उन्हात ठेवत बसू नका, घेऊन या.

आशा ताई, डोंगरी भाग

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आम्ही 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतो. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. तेव्हा बाळाबरोबर आईलाही बाहेर आणा, आतल्या खोलीतून "बरी आहे" सांगून भागत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त मोफत आहे, 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून; घरी सोडायला गाडीही मिळते, मागावी लागते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं जेवण सहा महिने मिळतं. घरच्यांनी ते डब्यात भरून घरी आणू नये, तिने तिथे बसून जेवावं, नाहीतर ते घरात वाटलं जातं.

लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस. कॅल्शियमच्या दोन, जेवणानंतर. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, मध्ये दोन तास. लोहावर चहा नको, लिंबू चालेल. शी काळी होते, घाबरू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं, किंवा बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप नाही, मरणाचे विचार येतात, तर 14416 या टेली-मानसच्या नंबरवर बोला, मराठीत बोलतात. भलतंच बडबडणं, भास, कुणीतरी बाळ बदललंय असं म्हणणं, याला बाहेरची बाधा म्हणून देवऋषीकडे नेऊ नका. ते थेट दवाखान्याचं काम आहे, आणि तोवर बाळ तिच्याजवळ एकटं ठेवू नका.

लेबर रूममधली सिस्टर

एक राहिलं. "अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत" हे तीनही गोष्टी जुळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध आणि तेही रात्रीसुद्धा, पाळी आलेली नाही. एक जरी सुटली तर भरवसा नाही. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांत बसवता येते, सिझेरियनमध्ये टेबलवरच. ती सहाव्या आठवड्याला तपासून घ्या, काही वेळा निसटते. सिझेरियन झालं असेल तर पुढचे दिवस राहण्याआधी किमान दीड वर्ष जाऊ द्या, आणि डिस्चार्ज कार्ड फेकू नका: गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा ते त्यावर असतं, पुढच्या खेपेला कळा येऊ द्यायच्या का हे त्यावरून ठरतं. बाहेरच्या टाक्यावरून ते कळत नाही.