मदत हवी आहे: जॅक रीचर पुढे कुठून वाचू?

ली चाइल्डच्या जॅक रीचर मालिकेतलं दुसरं पुस्तक, १९९८ चं 'डाय ट्राइंग', काल रात्री संपवलं. शिकागोत लाँड्रीबाहेर कुबडी घेतलेल्या हॉलीचे कपडे सावरायला रीचर पुढे होतो आणि तिच्याबरोबर तोही पळवला जातो. काय सुरुवात आहे! पुढे खाणीतल्या अरुंद बोगद्यात हा धिप्पाड गडी घाबरतो, तिथे मी पुस्तक घट्ट धरून बसले होते. मोंटानातली अपहरणकर्त्यांच्या म्होरक्याची भाषणं मात्र फार लांबली.

पहिल्या पुस्तकात रीचर स्वतः गोष्ट सांगतो, इथे नाही. मला ती जवळीक हवी आहे. अशी प्रथमपुरुषी पुस्तकं पुढे कोणती? मधली गाळली तर काही अडतं का? की अपहरणाचंच 'द हार्ड वे' थेट घेऊ? शेवट तेवढा फोडू नका, प्लीज.