तीन विद्यापीठांत एकच स्फटिक-सराव: निकाल जुळवायचे कसे?

प्रश्न: एम.एस्सी.चे विद्यार्थी आपापल्या ठिकाणी लायसोझाइम या प्रथिनाचे स्फटिक वाढवतील, क्ष-किरण मापन एकाच ठिकाणी होईल. आधी काय ठरवून घ्यावं?

उत्तर १: प्रथिन ५० मिग्रॅ/मिली, ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४.६, मीठ ४ ते ८ टक्के. थेंब १+१ मायक्रोलिटर (प्रथिन + विहिरीतलं द्रावण), विहिरीत, म्हणजे ताटलीतल्या खोलगट कप्प्यात, ५०० मायक्रोलिटर. बफर (पीएच स्थिर ठेवणारं ते ॲसिटेटचं द्रावण) एकानेच बनवून वाटा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. तापमान २० अंश. थंडीत विद्राव्यता घटून बारीक स्फटिकांचा नुसता सडा पडतो.

उत्तर २: स्फटिक मापनासाठी गोठवून पाठवणार असाल तर गोठवण्याआधी २५ टक्के ग्लिसरॉल, नाहीतर क्ष-किरण चित्रात बर्फाची वलयं दिसतील. ड्राय शिपर (द्रव नायट्रोजन शोषून गोठलेले नमुने थंड ठेवणारं पाठवणीचं भांडं) पूर्ण भिजल्यावर उरलेला द्रव नायट्रोजन ओतून टाका.

उत्तर ३: आर-फ्री म्हणजे प्रथिनाच्या रचनेचं मॉडेल सुधारताना न वापरलेल्या मापनांशी ते किती जुळतं, याची तपासणी. त्यासाठी बाजूला ठेवलेली ५ टक्के परावर्तनं (स्फटिकातून आलेल्या क्ष-किरणांचे मोजलेले ठिपके) सगळ्यांची तीच हवीत. वेगळी निवडली आणि मॉडेल्सची देवाणघेवाण झाली, तर ती तपासणी फुकट.