पार्किंगमधल्या मांजरांचं नसबंदीचं ऑपरेशन करायचंय, सुरुवात कुठून करू?

डोंबिवली_पूर्व: आमच्या पार्किंगमध्ये दोन भाट्या आणि एक दांडगा बोका आहे. मीटररूममध्ये सारखी पिल्लं, स्कूटरच्या सीटा फाटलेल्या, रात्रभर गुरगुराट. कमिटीत आता टूम निघालीय, सगळ्यांना गोणीत घालून मासळी बाजारात सोडून यायचं. दूध मी ठेवते, म्हणून बोलणीही मलाच. ऑपरेशन करायला तयार आहे, पण ती हाताला लागत नाहीत. काय करू?

तिसरा_मजला: मांजरं नकोतच. उंदीर आम्ही बघून घेऊ.

पिंजरेवाली_मावशी: तिसरा मजला, कचऱ्याचा डबा उघडा आहे तोवर जागा रिकामी राहत नाही हो. ही तीन गेली की शेजारच्या गल्लीतली येतात, तीही ऑपरेशन न झालेली. शिवाय प्राण्याला असं नेऊन टाकणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसतं. कमिटीला एवढं लेखी द्या, गोणी आपोआप घडी होऊन माळ्यावर जाते.

ताई, आधी दूध बंद करा. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा पचत नाही, मग घाण होते आणि शिव्या तुम्हाला. भातात कालवलेलं बांगड्याचं डोकं द्या, रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात. पिंजरा प्राणीमित्र संस्थेकडून मागून आणा. दार सुतळीने उघडं बांधायचं आणि जेवण आतच ठेवायचं. सवय झाली की एक वेळ उपाशी ठेवून सुतळी सोडा. दार पडलं की लगेच जाड चादर टाका. अंधार झाला की धडका मारायची थांबतात. भूल द्यायच्या आधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, पिल्लांचं गणित वेगळं असतं.

आधी भाट्या धरा. बोका एक सुटला तरी सगळ्यांना पुरतो! आचळांभोवतीचे केस गेलेले दिसले तर पिल्लं कुठे आहेत ते आधी शोधा. ती स्वतः खायला लागेपर्यंत आईला उचलू नका. पण फार रेंगाळूही नका, अंगावर पाजत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते.

डोंबिवली_पूर्व: एकीचं पोट आत्ताच मोठं दिसतंय. आणि कान कापतात म्हणे? लोक मलाच धरतील.

पिंजरेवाली_मावशी: पोटाचं डॉक्टर हात लावून ठरवतील, आपण अंदाज करू नये. कानाचं टोक भुलीतच काढतात. ती खूण नसली तर पुढे कुणीतरी तिला पुन्हा टेबलावर चढवतं. हे लोकांना आधी सांगा, नंतर सांगितलं की सारवासारव वाटते. नोटीस बोर्डावर माझा विश्वास नाही, तिथे पाण्याची वेळसुद्धा कुणी वाचत नाही. वॉचमन आणि दारावर येणारी कोळीण, या दोघांना पटवा. कोळीण दारोदार बोलते, आणि नवीन मांजर आलं की वॉचमनला पहिलं कळतं. आमच्याकडे तर वॉचमनच कान बघून सांगतो, "मावशी, बिनकापलेला आलाय."

तिसरा_मजला: बोक्याचं ओरडणं तरी थांबेल ना?

पिंजरेवाली_मावशी: कमी होतं, पण लगेच नाही. अंगातला जोर उतरायला काही आठवडे जातात, आणि तेवढ्यात तो एखादी भाटी गाभणही करू शकतो. सीटवर जुनं गोणपाट टाका तोवर. गोणी आहेच तुमच्याकडे.