उपासाच्या पिठात गुंडाळलेले 'हॉटडॉग': आवरण तेलात सुटतं, काय करावं?

यावलची_ताई
आषाढीला घरातली तिन्ही मुलं (वय ४, ८ आणि ११) उपास धरणार आहेत. साबुदाण्याच्या खिचडीला कंटाळतात, हॉटडॉग मात्र आवडतो. म्हणून पनीरच्या कांड्या उपासाच्या पिठात गुंडाळून तळायचा विचार आहे. राजगिऱ्याचं पीठ गार पाण्यात भिजवलं, तर वळतानाच चिरा पडल्या आणि तेलात आवरण सुटलं. बटाटा वाढवला तर तेल फार पितं. दहा नगांचं नेमकं प्रमाण सांगा. अंडं चालणार नाही.

रावेरकर
ताई, आपल्या भागात कच्ची केळी असताना बटाटा कशाला? चार मध्यम केळी सालासकट वाफवायची, १२ ते १५ मिनिटं. पाण्यात उकडायची नाहीत, गर पाणी धरतो आणि मग पीठ वाढवत बसावं लागतं. कोमट असतानाच सोलून किसा. त्यात ४ मोठे चमचे शिंगाड्याचं पीठ, २ मोठे चमचे साबुदाण्याचं पीठ (साबुदाणा कोरडा भाजून दळलेला), सैंधव, जिरं आणि अर्धी मिरची वाटून. पाण्याचा थेंबही नको. हाताला तेल लावून मळा.

केळी हिरवीगार, टणक बघून घ्या. थोडी पिवळी पडलेली असली की त्यातल्या पिठाची साखर झालेली असते: गोळा चिकट होतो, बाहेरून पटकन काळपटतो.

भुसावळची_काकू
आवरण का सुटतं ते आधी बघा. राजगिरा, भगर, शिंगाडा यांत गव्हासारखा ओढ देणारा चिकटपणा नसतोच. गार पाण्यात कितीही मळा, तो येणार नाही. पिठाला वाफ द्यावी लागते, म्हणजे उकड काढायची. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणातही हीच अडचण असते. तेव्हा फुगवलेला पाव चालत नाही, म्हणून सॉसेजभोवती गुंडाळायला मात्झाचं पीठ घेतात. मात्झा म्हणजे बिनखमिराची भाकरी, पीठ भिजल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून काढलेली. एकदा भाजलेल्या पिठाला ओढ राहत नाही, म्हणून ते उकळत्या पाण्यात आणि तेलात घोटून मग अंडी घालतात. आपल्याकडे अंड्याचं काम साबुदाण्याचं पीठ करतं.

केळी नको असतील तर भगरीची उकड: सव्वा वाटी पाणी, १ चमचा शेंगदाण्याचं तेल, मीठ. उकळी आली की १ वाटी भगरीचं पीठ आणि पाव वाटी साबुदाण्याचं पीठ एकदम घालून ढवळा. झाकण ठेवून मंद आचेवर ३ मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी १० मिनिटं तसंच. गरम असतानाच मळायचं, गार झाली की ती पुन्हा तडकते. वळलेले रोल ओल्या फडक्याखाली ठेवा.

यावलची_ताई
हिंग आणि बेकिंग पावडर घातली तर चालेल का? आणि पनीर आतून पाणी सोडतं त्याचं काय?

रावेरकर
दोन्ही नको. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं आणि बेकिंग पावडरीत बहुधा मक्याचं पीठ. शिवाय फुगलेलं आवरण तेल जास्त पितं.

पनीर २०० ग्रॅम घ्या, कापडात गुंडाळून २० मिनिटं वजनाखाली ठेवा. ८ सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर जाड कांड्या कापा आणि प्रत्येक कांडी कोरड्या शिंगाड्याच्या पिठात घोळवा. हे टाळलं तर आवरण पनीरला धरत नाही, मध्ये वाफ कोंडते आणि तिथेच फुटतं. एका कांडीला साधारण ४० ग्रॅम मळलेलं पीठ, सगळीकडे सारखं. टोकं नीट मिटवा, फुटतं ते बहुतेक टोकालाच.

तेल मध्यम तापलेलं हवं: पिठाचा कण टाकल्यावर तीन-चार सेकंदांत वर यावा. एका वेळी तीनच सोडा आणि पहिलं मिनिट झारा लावू नका. पाच-सहा मिनिटांत सोनेरी होतात.

भुसावळची_काकू
आइस्क्रीमची काडी तळून झाल्यावर खोचा. आणि ताई, चार वर्षांच्याला अख्खा रोल हातात देऊ नका. गोल लांबट तुकडा लहानांच्या घशात अडकू शकतो. त्याच्यासाठी रोल आधी उभा चिरायचा, मग बारीक तुकडे करायचे, आणि तेही बसवून खाऊ घालायचे. सोबत दही आणि दाण्याच्या कुटाची चटणी, मिरचीशिवाय.