घरशाळा (शाळेऐवजी घरीच शिक्षण): दोन-तीन मुलांना इतिहास आणि विज्ञान एकत्र शिकवताना (अनुभव धागा)

भाषा आणि गणित ज्याचं त्याच्या गतीने चालतं. घरात सहा ते चौदा वयाची दोन-तीन मुलं असली की अडतं ते इतिहास-विज्ञानाला. तुम्ही कसं जमवता? साहित्य, वेळ, कुठे फसतं, सगळं तपशिलात लिहा.

प्रतिसाद १ (मुलं 7, 10, 13)
राज्य मंडळाच्या पुस्तकांत सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन आणि आठवीला आधुनिक भारत येतो. इयत्तेप्रमाणे गेलात तर एकाच टेबलावर तीन कालखंड उघडे राहतात आणि पालकाचा दम निघतो. त्यापेक्षा एका वर्षी घरात एकच कालखंड घ्या. तीन वर्षांत फेरी पूर्ण होते आणि धाकट्याला पुढे तोच काळ मोठ्या वयात पुन्हा भेटतो. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, ती संदर्भाला ठेवा.

भिंतीवर कालपट्टी हवीच. कागदाच्या रोलवर 1 मिमी म्हणजे 1 वर्ष धरा. अशोकापासून आजपर्यंत साधारण 2.3 मीटर लागतात. त्यात राज्याभिषेक (1674) ते पेशवाईचा शेवट (1818) हे अंतर फक्त 14.4 सेंमी भरतं. ते बघून मुलं स्वतःच प्रश्न विचारू लागतात. चूक हमखास होते ती इसवी सनाच्या सांध्यावर. शून्य साल नाही, इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं. ती रेघ आधी तुम्ही मारा, मग पट्टी मुलांच्या ताब्यात द्या.

प्रतिसाद २
विज्ञानात सगळ्या वयांना पुरणारा प्रयोग म्हणजे दुपारची सावली. 21 मार्च किंवा 23 सप्टेंबरच्या आसपास करा, कारण तेव्हा सूर्य विषुववृत्तावर असतो आणि माध्यान्हीच्या (सूर्य सर्वांत उंच असतानाच्या) सावलीवरून थेट आपलं अक्षांश निघतं.

1 मीटरची सरळ काठी घ्या, ओळंबा लावून उभी करा. जमीन सपाट हवी, गच्चीला पाण्यासाठी दिलेला उतार घात करतो. बारा वाजता मोजलं की उत्तर चुकतं. पुण्यात मार्चमध्ये माध्यान्ह 12:40 च्या पुढेमागे, सप्टेंबरमध्ये 12:27 च्या सुमारास. म्हणून 12:10 ते 1:00 दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा आणि सर्वांत आखूड सावली धरा. पुण्यात ती साधारण 33.5 सेंमी येते.

धाकटं खुणा करतं, मधलं मोजून तक्ता भरतं. मोठं आलेख कागदावर 10 सेंमी उभी आणि 3.35 सेंमी आडवी बाजू काढून काठीच्या टोकाचा कोन मोजतं: साडेअठरा अंश, हेच पुण्याचं अक्षांश.

सावलीचं टोक पुसट असतं, एक सेंटीमीटरभर घोळ तिथेच होतो. काठीच्या टोकाला पुठ्ठा आडवा बांधून त्याला 3 मिमीचं भोक पाडा. जमिनीवर सूर्याचा स्पष्ट ठिपका पडतो, त्याच्या मध्यापर्यंत मोजा. मात्र उंची भोकापासून धरायची आणि पायथाही भोकातून ओळंबा सोडूनच ठरवायचा. सूर्याकडे बघायचं नाही, हे आधी बजावा.

प्रतिसाद ३
इतिहासाला गावातला वीरगळ (लढताना पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड) पुरतो. तो खालून वर वाचायचा: खाली लढाई किंवा गोधन सोडवताना पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. धाकटे चित्र काढतात, मधले प्रसंग क्रमाने सांगतात, मोठ्यांना विचारा: लेख नसेल तर काळ कशावरून ठरवायचा? शस्त्रं, वेशभूषा, शेजारचं मंदिर. सकाळी नऊच्या आत जा. तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट वाटतं. खडू, तेल, पाणी दगडाला लावू देऊ नका. गावकऱ्यांची पूजा असते, त्यांना विचारूनच फोटो काढा.

प्रतिसाद ४
रसायनाला स्वयंपाकघर पुरेसं आहे. लाल जास्वंदाच्या आठ-दहा फुलांच्या पाकळ्या एक कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. उकळू नका, रंग फिका पडतो. हे पाणी आम्ल-आम्लारी ओळखायला: लिंबाने गुलाबी, खायच्या सोड्याने हिरवट. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच टिकतं. हळद लावलेल्या कागदाच्या पट्ट्या साबणाने लालसर होतात, पण आम्लात बदलत नाहीत, म्हणून दोन्ही ठेवा.

चुन्याची निवळी: चमचाभर खायचा चुना ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी घ्या. नळीने फुंकलं की दुधाळ होते, फार वेळ फुंकलं की पुन्हा नितळ. मुलं तिथे प्रयोग फसला म्हणतात. तो फसलेला नाही, पुढची पायरी आहे. हे फक्त मोठ्या मुलांनी, चष्मा लावून, आणि नळीने ओढायचं नाही.

प्रतिसाद ५
मोठ्याला दहावीला बसवायचं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत किमान 14 वर्षं वय लागतं, मराठी माध्यमही आहे. विज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षा असते, म्हणून प्रयोगवही तेराव्या वर्षापासून नेटकी ठेवा: साहित्य, कृती, निरीक्षण, आकृती पेन्सिलने, आणि चुकलेली मोजणी खोडून न काढता शेजारी नवी.