जुन्या कादंबरीतल्या अडलेल्या शब्दांची वही करायची का?

मांडवीकर_आई: लेक नववीत, इंग्लिश मीडियम, शाळेत गुजराती आहे, मराठी काय ते घरातच. सुट्टीत तिला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' दिली आणि अडला शब्द वहीत लिही म्हटलं, तर दहा दिवसांत वही भरली, पुस्तक तिसाव्या पानावर. यमुनेचं पुढे काय झालं विचारलं तर गप्प. मी वही बंद केली, अंदाजानं वाच म्हटलं. चुकलं का?

शेवउसळ: चुकलंच. अंदाज मी पण केलेला कॉलेजात, मामंजी म्हणजे मामा असणार म्हणून वाचत सुटलो, हा मामा सुनेवर एवढा का ओरडतोय तेच कळेना 😄 सासरा आहे तो! मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाइन फुकट आहे, दुसरी आवृत्ती 1857 ची, म्हणजे 'करमणूक' साप्ताहिकात (1890 ला सुरू झालं) तुमची ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं यायच्या आधीची. त्या काळचे शब्द तिथे नाही तर कुठे मिळणार?

माहेर_बडोदं: अहो पण मोल्सवर्थ अर्थ इंग्रजीत देतो, पोरगी मराठी शिकणार की इंग्रजी? माझ्या भाच्यानं माजघर म्हणजे माज करायचं घर असं धरलेलं, कोश नाही काढला, बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी नेऊन उभा केला, ही ओसरी, मागे स्वयंपाकघर, मधली ही खोली ते माजघर. परत कधी विसरला नाही. ओसरी तर त्याला गुजरातीमुळे आधीच येत होती.

शेवउसळ: ताई सगळ्यांकडे जुनी घरं नाहीत ना, आम्ही फ्लॅटवाले. आणि घरच्या मोठ्यांना विचारलं तर आमच्या आईचं उत्तर ठरलेलं, "तसलंच काहीतरी असतं ते". वही ठेवा, फक्त पानाला दोनच शब्द, ज्यावाचून गोष्ट अडते तेवढेच. बाकी सोडा.

माहेर_बडोदं: कुठला शब्द अडवतोय हे आधी कळायला नको? तुम्हाला मामंजी कुठे अडला होता, मामा समजून तुम्ही मजेत पुढे गेलात की.

शेवउसळ: हे मात्र बरोबर 🙏

मांडवीकर_आई: वही अजून कपाटातच आहे. पण काल जेवताना तिनं आपणहून विचारलं, वन्सं म्हणजे कोण गं? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, ही काय समोर पोळी मोडत बसलीय, तुझी आत्या, तुझ्या आईची वन्सं. नणंदबाई एवढ्या हसल्या की ठसका लागला.